नसण्याचा सराव

भाताच्या मुदीवर कावळ्याने चोच मारली की जो खड्डा पडतो तो त्रिकोणी असतो, पण त्या त्रिकोणाच्या दोन बाजू सारख्या नसतात. चोच आत शिरताना कड स्वच्छ कापली जाते. बाहेर येताना ती एखाददुसरं शीत ओढून आणते, त्यामुळे ती बाजू फाटल्यासारखी दिसते. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, ग्रिलच्या पत्र्यावर ठेवलेल्या स्टीलच्या ताटलीत असा खड्डा मी वर्षानुवर्षं रोज सकाळी पाहत आले होते. यात श्रद्धेचा भाग नव्हता. सासूबाई मूद ठेवायच्या. त्या गेल्या तरी कावळा यायचा थांबला नाही, म्हणून मीही ठेवायची थांबले नाही.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी मूद अख्खी राहिली. कावळा आला होता. तोच, डाव्या पंखातलं एक पीस बाहेर आलेला. ग्रिलवर बसला, मुदीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्याकडे म्हणणं तितकंसं बरोबर नाही. मी उभी होते त्या जागेकडे पाहिलं, आणि माझ्यातून आरपार, मागच्या भिंतीकडे. तिथे आमचा फ्रिज असायचा. तो आदल्या दिवशीच देऊन झाला होता.

फ्रिज का दिला हे सांगायला हवं, नाहीतर आम्ही कर्जबाजारी झालो असं वाटेल. सोसायटीत काही जणांना तसं वाटलंच होतं.

श्यामकांत, माझा नवरा, पालिकेच्या पाणीखात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाला. मुलुंड पूर्वेच्या लोकांना सकाळी नळाला पाणी येतं ते आपल्यामुळेच, असं त्याला अजून मनातून वाटतं. निवृत्तीनंतर अशा माणसाचं काय करायचं हा घराचा प्रश्न होऊन बसतो. तो प्रश्न ‘निर्झर सेवाश्रम’ नावाच्या संस्थेने सोडवला. गडचिरोलीच्या जंगलात, राज्याच्या हद्दीला लागून, त्यांचा एक दवाखाना आहे, एक शाळा आहे आणि आसपासच्या वाड्यांना पाणी पुरवायचं काम आहे. त्यांची एक ‘वानप्रस्थ योजना’ आहे. साठी ओलांडलेल्या जोडप्यांनी दोन वर्षं तिथे राहायचं आणि पडेल ती सेवा करायची. जोडपंच हवं. एकटी माणसं लवकर आजारी पडतात आणि फार भाषणं करतात, असं आम्हाला देवव्रतने सांगितलं.

देवव्रत म्हणजे संस्थेच्या नाहूरच्या कचेरीतला संघटक. चाळिशीचा, खादीचा झब्बा, आणि आवाज इतका मऊ की ऐकायला पुढे वाकावं लागतं; वाकल्यावर आपण नमस्कार करतोय असं लांबून दिसतं. आमची मुलाखत त्यानेच घेतली. श्यामकांत विंधनविहिरींवर बोलला आणि बराच वेळ बोलला. मी देवव्रतच्या फोनवरचे फोटो बघत होते. मुलं, मोटारपंप, मुलं, जेवणाच्या पंगती. मग एका फोटोत एक लहान खोली, टेबल, आणि टेबलावर प्लास्टिकच्या पिशवीखाली मायक्रोस्कोप. पिशवीवर झेंडूचा वाळलेला हार.

“ही लॅब,” देवव्रत म्हणाला. “माणूस सोडून गेला. आता रक्ताच्या काचा जीपने तालुक्याला जातात. रिपोर्ट येईपर्यंत पेशंट एकतर बरा झालेला असतो, नाहीतर…” पुढचं मला वाकूनही ऐकू आलं नाही.

मी सूक्ष्मजीवशास्त्राची. कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. मुलांना मलेरियाचा परजीवी दाखवायचा तर आमच्याकडे लाकडी पेटीतल्या पक्क्या काचा होत्या, मी लागले त्याच्याही आधी विकत घेतलेल्या. दर वर्षी नवी मुलं यायची आणि त्याच रक्ताच्या त्याच थेंबात डोळा घालायची. तो थेंब ज्याचा होता तो माणूस केव्हाच गेलेला असणार, हा विचार मला पहिल्या वर्षी आला आणि मग निवृत्तीपर्यंत गेला नाही. बाहेर बाकावर माणूस बसलाय आणि त्याची काच आत माझ्या डोळ्याखाली आहे, असं माझ्या आयुष्यात एकदाही झालं नव्हतं.

हे मी देवव्रतला सांगणार होते. तेवढ्यात तो म्हणाला, “ताई आल्या की भटारखान्याला चांगला हात लागेल. कार्यकर्त्यांना घरच्या चवीची फार ओढ असते हो.”

“अगदी,” श्यामकांत म्हणाला. “हिच्या हाताला चव आहे. ती सगळं बघेल.”

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, “बघू.”

आमच्या घरात माझ्या ‘बघू’चा अर्थ ‘हो’ असा धरला जातो. यात श्यामकांतची चूक नाही, आजवर बहुतेक वेळा तो अर्थ बरोबर निघाला होता. पण या वेळी मला खरंच बघायचं होतं. मला जायचं होतं, पण त्या हार घातलेल्या पिशवीसाठी, भटारखान्यासाठी नाही. हे वाक्य साधं होतं. ते मी नाहूरहून मुलुंडला येताना रिक्षात मनात नीट जुळवलं, आणि घर आलं म्हणून तसंच ठेवून दिलं. मग ते रोज थोडं थोडं शिळं होत गेलं.

आता सरावाकडे येते.

संस्थेचा अनुभव असा की शहरातली जोडपी तिथे जातात आणि महिन्याभरात आपल्या गॅलरीची आठवण येऊन परत पळतात. त्यावर त्यांनी एक पद्धत काढली आहे. निघण्याआधी महिनाभर आपल्याच घरात, घरात नसल्यासारखं राहायचं. पेपर बंद, टीव्ही बंद, बेल बंद. वस्तू एकेक करून देऊन टाकायच्या. आरसासुद्धा. संस्थेने दिलेले पांढरे सुती कपडे वापरायचे. दिवेलागणीला दिवा न लावता चटईवर मौन बसायचं. देवव्रत याला ‘नसण्याचा सराव’ म्हणायचा, आणि इतक्या हळू म्हणायचा की सराव जणू आधीच झाला आहे असं वाटावं.

दुसरा एखादा माणूस हे अंदाजपंचे पाळेल. श्यामकांत इंजिनिअर आहे. त्याने दारावरची नावाची पाटी स्क्रू काढून उतरवली. बेलची वायर कापून टोकांना चिकटपट्टी लावली. आणि सोसायटीला लेखी कळवलं की अमुक तारखेपासून आमचा फ्लॅट बंद समजावा.

सोसायटीने समजला. दुसऱ्या दिवशी प्लंबरने गच्चीवर जाऊन आमचा व्हॉल्व्ह फिरवला. बंद घरात नळ चुकून चालू राहिला तर खालच्यांच्या घरी पाणी गळतं, असा नियम आहे, आणि तो नियम कमिटीवर असताना श्यामकांतनेच करून घेतला होता. पाणीखात्यात हयात घातलेला माणूस पंचा गुंडाळून कोरड्या नळाखाली उभा होता. मी सेक्रेटरींना फोन करू का विचारलं.

“नको,” तो म्हणाला. “तिथे तरी कुठे नळ आहेत? सराव होईल.”

मग शेजारच्या कुंदाकडून बादलीने पाणी यायला लागलं. कुंदा सावंत आमची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. सासरे गिरणीत होते, नवरा आता विमा कंपनीत आहे. पण कुंदाची भाषा मालवणहून निघाली ती मुलुंडपर्यंत येताना वाटेत कुठेही उतरली नाही.

“गे वसुधा, ह्यो कसलो वनवास?” ती बादली ठेवत म्हणाली. “वनात जाऊचा तर वनात जा. घरात बसान वन कित्याक करतंस?”

“सराव आहे.”

“मरणाचो?”

मी हसले. हसण्याचा आवाज रिकाम्या हॉलमध्ये थोडा उशिरा परत आला. पडदे, गाद्या, पुस्तकं काढून घेतली की खोलीत आवाज शोषून घ्यायला काही उरत नाही. हे मला माहीत होतं. तरी तो परत आलेला आवाज मला माझा वाटला नाही.

त्यानंतरच्या गोष्टी मी एका रांगेत मांडते, कारण वेगवेगळ्या सांगितल्या तर प्रत्येकीचं कारण देता येतं, आणि मी दिलंही होतं.

दारावरचा वॉचमन भीमराज कुरिअरवाल्याला सांगत होता, “वो लोग गये.” मी त्याच्या शेजारूनच भाजीची पिशवी घेऊन आत शिरत होते. भीमराजने पिशवीसाठी दार धरलं, माझ्याकडे न पाहता. कारण: त्याला लेखी सूचना होती, आणि लेखी सूचनेपुढे माणूस काय.

निघायच्या आधी पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा होता. बँकेतल्या मुलीने यंत्रावर अंगठा ठेवायला सांगितला. मग दुसरा. मग बोटं एकेक करून.

“आजी, जरा दाबून.”

“दाबलाय.”

“मशीन तुम्हाला घेत नाहीये.”

“पण मी तुमच्यासमोर उभी आहे.”

“हो, ते मला दिसतंय,” ती सौजन्याने म्हणाली. “पण मला दिसून उपयोग नाही ना.”

कारण: स्पिरिट, आम्ल आणि रंगद्रव्यांत वर्षानुवर्षं बुडालेली बोटं आणि त्यावर वय. रेषा झिजतात. कुंदाने खोबरेल चोळायला सांगितलं, श्यामकांतने कोरडी बोटं हवीत म्हणून पावडर लावायला सांगितली. दोन्ही केल्यावर यंत्र पुसून द्यावं लागलं. शेवटी त्या मुलीने आतून दुसरं यंत्र आणलं, दुर्बिणीसारखं, आणि डोळे लावायला सांगितलं. त्याने मला एका क्षणात ओळखलं. बोटं गेली तरी डोळे अजून माझेच होते. घरी येईपर्यंत मी या गोष्टीवर विचार करत होते.

स्टेशनबाहेर सुंदराबाई फुलं विकते. मी तिच्याकडून कित्येक वर्षं शेवंती घेते. त्या संध्याकाळी पांढऱ्या साडीत तिच्यासमोर उभी राहिले तर ती पुडी बांधता बांधता म्हणाली, “तुमच्यासारखीच एक बाई यायची. मोजकं बोलायची. गेली म्हणे.”

“कुठे?”

“आता कुठं ते कसं सांगायचं,” सुंदराबाई म्हणाली, आणि पुडीत दोन फुलं जास्त घातली.

कारण: आमची मोलकरीण तिच्या ओळखीची, तिच्याकडून अर्धवट ऐकलेलं असणार, शिवाय संध्याकाळ, कपडे वेगळे. मी “मीच ती” म्हणायला हवं होतं. पण इतकी हळहळ व्यक्त करणाऱ्या माणसाला तोंडावर पाडणं बरं दिसलं नसतं. मी “अरेरे” म्हणाले आणि माझीच फुलं घेऊन घरी आले.

आमच्या मुलीचा, रुचिराचा, बंगळूरहून फोन आला. “आई, तुला नक्की जायचंय ना?”

“बघू.”

“बघू म्हणजे काय गं? हो की नाही?”

“अजून ठरवलं नाही.”

“बाबांनी तिकिटं काढलीयत, आई.”

हेही खरं होतं. आणि या सगळ्या दिवसांत कावळा रोज येत होता, रोज ग्रिलवर बसत होता, आणि मुदीला शिवत नव्हता.

मी याकडे शास्त्रीय पद्धतीने पाहायचं ठरवलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी तांदूळ बदलला. मग मीठ काढलं, मग तूप घातलं. ताटली बदलली, तिची दिशा बदलली. शेजारी चपातीचा तुकडा ठेवून पाहिला, तोही राहिला. त्याच कावळ्याला कुंदाच्या खिडकीत शिळ्या भाकरीवर तुटून पडताना पाहिलं, म्हणजे भुकेचा प्रश्न नव्हता. उरली एकच गोष्ट: ठेवणारी व्यक्ती. कावळे चेहरा ओळखतात हे सिद्ध झालेलं आहे. कपडे बदलल्याने त्याचा गोंधळ होत असेल, असं मी अनुमान केलं. त्यासाठी मला माझा स्वयंपाकघरातला हिरवा गाऊन हवा होता, आणि तो मी कुंदाला दिला होता.

कुंदाने तो परत आणून दिला. चार तुकड्यांत. “लादी पुसूक किती बरो गे,” ती म्हणाली. त्यातला मोठा तुकडा मी खांद्यावर टाकून खिडकीशी उभी राहिले. कावळ्याने त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा माझ्यातून आरपार भिंतीकडे. कुंदा मागे उभी राहून हे सगळं बघत होती. तिने पदर तोंडावर घेतला.

“वसुधा, रागाव नको. पण दहाव्याक पिंडाक कावळो शिवलो नाय तर आम्ही काय म्हणतो?”

“मला माहीत आहे.”

“गेलेल्याचा कायतरी मनात रवलाहा. मग लोकांनी मोठ्यान बोलूचा लागता. तुझ्या झिलाक सांभाळू, तुझी गाय विकूचव नाय. बरोबर ता बोलला की शिवता.”

“कुंदा, मी गेलेली नाही.”

“ता माका ठाऊक,” कुंदा म्हणाली. “त्याका खय ठाऊक?”

ती गेल्यावर मी खिडकी लावली. काचेवर माझं प्रतिबिंब दिसायला हवं होतं. आरसा गेल्यापासून मी स्वतःला पाहिलं नव्हतं. पण बाहेर ऊन होतं आणि आत अंधार, त्यामुळे काचेत फक्त बाहेरचं दिसत होतं. यालाही कारण आहे. प्रकाशाचं साधं प्रकरण.

यानंतर भाडेकरूचा प्रकार झाला.

आमच्या खालच्या मजल्यावर स्वरदा नावाची मुलगी नवऱ्याबरोबर भाड्याने राहते. ती नवीनच आली होती. वरचा फ्लॅट बंद आहे असं तिला सांगितलं होतं, आणि त्या बंद फ्लॅटमधून रोज पावलं वाजत होती, कुकरची शिट्टी होत होती, आणि संध्याकाळी ठरावीक वेळी अगदी शांत होत होतं. शांत होण्याची तिला जास्त भीती वाटली, असं ती नंतर म्हणाली. तिने तक्रार केली. सेक्रेटरी चंद्रप्रकाश राणे यांनी तिला समजावलं की जुन्या इमारतीत पाइप वाजतात. पाइप पोहे परततात का, असं तिने विचारलं म्हणतात.

चंद्रप्रकाश माणूस चांगला. कोणाच्याही घरी अडीअडचणीला आधी पोचतो. सोसायटीतल्या सगळ्या शोकसभा त्यानेच चालवल्या आहेत, आणि त्या इतक्या वर्षांत इतक्या झाल्या आहेत की त्याला आता दुसऱ्या प्रकारची सभा चालवता येत नाही. श्यामकांतने त्याला आम्ही गेल्यावर फ्लॅट भाड्याने लावायला सांगितलं होतं. चंद्रप्रकाशला ‘गेल्यावर’ची नेमकी तारीख लक्षात राहिली नाही. घाटकोपरचा राजेश नावाचा एक तरुण जागा बघायला आला, म्हणून त्याने कुंदाच्या मुलीकडून आमची जादा किल्ली घेतली आणि त्याला वर आणलं. दिवेलागणीची वेळ होती. बेल नव्हती, पाटी नव्हती.

आम्ही चटईवर मौन बसलो होतो. पांढऱ्या कपड्यांत, अंधारात, दाराकडे तोंड करून. कुलपात किल्ली फिरली. “हॉल मोठा आहे,” चंद्रप्रकाशचा आवाज आला, “हवा खेळती आहे. आधीचे लोक फार शांत होते.”

मौन मोडायचं नाही हा नियम. श्यामकांतने मोडलं नाही. त्याने फक्त डोळे उघडले, आणि थोडं थांबा अशा अर्थाने उजवा हात सावकाश वर केला.

राजेश जिन्यावरून कसा गेला हे मी पाहिलं नाही, ऐकलं. त्याची एक चप्पल आमच्या उंबऱ्यात राहिली. ती कोणी न्यायला आलं नाही.

मला हसू यायला हवं होतं. श्यामकांत मौन संपल्यावर पोट धरून हसला. पण जिन्यातल्या दिव्याच्या उजेडात चंद्रप्रकाश आमच्याकडे पाहत उभा होता तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर ओळख यायला वेळ लागला होता. आपल्याकडे वीस वर्षं गणपतीची वर्गणी मागायला येणारा माणूस आपल्याकडे पाहतोय, आणि त्याच्या डोळ्यांत आपण अजून आलेलो नाही. तो वेळ फार नसेल. मला तो लांब वाटला.

“वहिनी,” तो शेवटी म्हणाला, “तुम्ही अजून आहात?”

मी उत्तर दिलं नाही. मौन होतं.

निघायच्या आदल्या रविवारी सोसायटीने गच्चीवर आमचा निरोप समारंभ ठेवला. दुपारचं जेवणही होतं. देवव्रत नाहूरहून आला होता. आम्हाला वर पोचायला थोडा उशीर झाला, कारण लिफ्टमध्ये स्वरदा होती आणि तिने आम्हाला पाहून लिफ्ट खालीच नेली.

वर गेलो तर टाकीच्या भिंतीवर बॅनर लावलेला. आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचा फोटो, काळी चौकट, दोन्ही बाजूंना समया. छापणाऱ्याकडे चंद्रप्रकाशच्या नावावर तोच साचा तयार असतो, आणि त्याने नेहमीप्रमाणे नेहमीचंच दिलं होतं. पुढे खुर्चीवर त्याच फोटोची फ्रेम. आम्ही वेळेवर आलो नाही, आणि हार कोमेजू नये म्हणून तो फोटोला घातला होता. उदबत्ती कोणी लावली कळलं नाही.

“गैरसमज नको,” चंद्रप्रकाश धावत आला. “बॅनर परत छापायला वेळ नव्हता.”

“छान आहे,” श्यामकांत म्हणाला. “रंग छान उतरलेत.”

आम्हाला फोटोच्या शेजारी बसवलं. चंद्रप्रकाशने भाषण सुरू केलं. “श्यामकांत साहेब म्हणजे पाण्यासारखा माणूस होता. कुठेही मिसळायचा. आणि वसुधावहिनी…” इथे तो थांबला आणि त्याचा आवाज खरोखरच भरून आला. “वहिनींचं काय सांगू. इतकी वर्षं इथे राहिल्या. पण कधी कोणाला स्वतःसाठी एक शब्द बोलल्या नाहीत.”

बायका माना हलवत होत्या. काहींनी डोळे पुसले. मी खुर्चीवर बसून माझ्या आयुष्याचा गोषवारा ऐकत होते, आणि शास्त्राच्या विद्यार्थिनीला त्यात खोडण्यासारखं काही सापडत नव्हतं. एक शब्द.

“आता आपण सगळे दोन मिनिटं उभं राहून…” चंद्रप्रकाश म्हणाला.

वाक्य त्याच्या तोंडून सवयीने निघालं होतं. ते अर्ध्यावर त्याच्या लक्षात आलं, पण तोवर सगळी सोसायटी सवयीने उभी राहिली होती, माना खाली घालून. श्यामकांत उभा राहिला. मीही उभी राहिले. सगळे उभे असताना बसून राहणं उद्धटपणाचं वाटलं असतं. अशी मी माझ्याच फोटोशेजारी, माझ्यासाठी, स्तब्ध उभी होते. गच्चीवर कसलाही आवाज नव्हता. मग टाकीच्या कठड्यावर पंखांची फडफड झाली. मी मान न हलवता पाहिलं. डाव्या पंखातलं एक पीस बाहेर आलेलं होतं.

कुंदानेही पाहिलं. स्तब्धता संपल्याबरोबर ती पानं वाढायला गेली आणि पहिलं वाढलं ते माझ्या खिडकीतल्या ताटलीत. ताटली तिने माझ्या घरून आणली होती. वरण-भात, त्यावर वडा. कठड्यावर ठेवून ती मागे सरकली. “आधी त्याका जेवू दे. मग आपण.”

“कुंदाताई, लोकांना भूक लागलीय,” चंद्रप्रकाश म्हणाला.

“लागू दे.”

कावळा ताटलीपासून हातभर अंतरावर येऊन बसला. शिवला नाही. मग माझ्या आयुष्यातला सर्वांत चमत्कारिक प्रसंग सुरू झाला, आणि तो भर दुपारी, सुशिक्षित लोकांत, श्रीखंड वाढलेलं असताना झाला. कोणी ठरवलं नव्हतं, पण सगळे कठड्यापाशी गोळा झाले.

“तुझी तुळस मी सांभाळतंय,” कुंदा मोठ्याने म्हणाली. कावळा हलला नाही.

“काकू, मी परत तक्रार करणार नाही,” स्वरदा मागून म्हणाली. ती लिफ्टने नाही, जिन्याने वर आली होती.

“तुमचं पार्किंग कुणाला देणार नाही,” चंद्रप्रकाश म्हणाला. कावळ्याने मान वळवली, पण दुसरीकडे.

“आधीच दिलंस ना पण,” कोणीतरी म्हणालं.

“तात्पुरतं दिलंय रे.”

“श्यामभावोजी, तुमी काय ता बोला,” कुंदा म्हणाली.

श्यामकांत विज्ञाननिष्ठ माणूस आहे. तो इकडेतिकडे बघून, घसा साफ करून म्हणाला, “बरं. पितळी डबे तुझ्या बहिणीला देऊ. मी त्यावर बोलणार नाही.” कावळा आणखी थोडा मागे सरकला. लोक हसले, पण हळू.

देवव्रत माझ्याजवळ आला. “ताई,” तो त्याच्या त्या आवाजात म्हणाला, “मनात काही असेल तर इथेच सोडून द्या. तिथे रिकाम्या मनाने यायचं. भटारखान्यातल्या बायका तुमची वाट बघतायत.”

“हिच्या मनात काही नसतं हो,” श्यामकांत म्हणाला. प्रेमाने म्हणाला. म्हणूनच ते वाक्य माझ्या अंगावरून गार पाण्यासारखं गेलं. एका बाजूला हार घातलेला माझा फोटो होता आणि दुसऱ्या बाजूला नवरा, आणि दोघेही माझ्याबद्दल एकच सांगत होते.

मी कावळ्याकडे पाठ केली.

“देवव्रत,” मी म्हणाले, “तुमच्या फोटोत एक मायक्रोस्कोप आहे. प्लास्टिकखाली.” माझा आवाज मला ऐकू आला, वेळेवर, आणि माझाच.

“हो ताई. दसऱ्याला हार घालतो. वापरणारं कोणी नाही ना.”

“तो हार काढून ठेवायला सांगा.”

श्यामकांतने माझ्याकडे पाहिलं. माझ्यातून आरपार नाही, माझ्याकडे. मागे, स्टीलच्या ताटलीवर नखं वाजली. कुंदाने श्वास आत घेतला आणि तो बाहेर सोडला नाही. मी वळून पाहिलं नाही. वाक्य अजून पुरं व्हायचं होतं.

“मी येणार आहे,” मी म्हणाले. “पण स्वयंपाक करायला नाही. दवाखान्यातल्या रक्ताच्या काचा मी बघणार, रोज, पेशंट बाहेर बसलेला असताना. ते जमणार नसेल तर श्यामकांत, दारावरची पाटी कुठे ठेवलीयस ते सांग. मी ती आजच परत लावते.”